गाडी सुरूच आहे

'हायब्रिड' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडला तो मोटारीच्या दुकानात नव्हे, शेताच्या बांधावर. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आपल्याकडे प्रसृत झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याची कणसे गावोगाव डोलू लागली; परंतु उतारा भरघोस आणि भाकरी बेचव अशी त्याची ख्याती झाल्यामुळे, जरा पावसात भिजला की शिंकू लागणाऱ्या नातवाला 'हायब्रिड आहे बिचारं' असे म्हणण्यापर्यंत आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या शब्दाची रवानगी केली होती. तोच शब्द आज मोटारीच्या मागील दारावर चकचकीत अक्षरांत मिरवतो आणि त्यापायी गिऱ्हाईक लाख-दोन लाख रुपये अधिक मोजायला राजी होते, हे पाहिले म्हणजे शब्दांनाही नशीब असते असे वाटते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोथरूडमधल्या एका सोसायटीत अशीच एक वापरलेली हायब्रिड एसयूव्ही पाहायला मी गेलो, तेव्हा बरोबर आबांना घेतले होते. आबा म्हणजे नाना पेठेत चाळीस वर्षे इंजिने उघडून पुन्हा बसवण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे मिस्त्री. 'टॅपेट वाजतंय' किंवा 'रिंगा गेल्यात' हे निदान गाडी फाटकातून आत येत असतानाच करणारे, आणि धुराचा रंग व तेलाचा वास यांवरून मालकाच्या स्वभावाचाही अंदाज बांधणारे. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिनाच्या आच्छादनावर पंजा ठेवला, मान तिरकी केली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, चालू करा की." मालक बँकेतून निवृत्त झालेले सद्गृहस्थ होते, ते चालकाच्या जागेवरून मान बाहेर काढून शांतपणे म्हणाले, "अहो, सुरूच आहे."

आबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटले ते मी विसरणार नाही. आपल्याकडे जुनी गाडी घेण्याचे जे परंपरागत शास्त्र आहे ते सगळे पंचेंद्रियांचे शास्त्र आहे: इंजिनाचा आवाज ऐकावा, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरावा, क्लच दाबून तो किती वर उचलतो ते पाहावे, गिअर टाकताना हाताला काय लागते ते जोखावे. या नव्या वाहनात क्लच नाही, निराळा स्टार्टर नाही, ज्याला आपण आजही डायनामो म्हणतो तो अल्टर्नेटर नाही आणि वातानुकूलन यंत्राचा पट्टाही नाही. ज्या चार गोष्टींवर नाना पेठेतल्या निम्म्या चुली पेटल्या त्या चारही इथून बेपत्ता आहेत. राहिले इंजिन, तेही वाहन उभे असता बहुधा झोपलेले असते, आणि 'रेडी' असे लिहिलेला एक हिरवा दिवा तेवढा 'आम्ही सज्ज आहोत' असे सांगत असतो.

ही व्यवस्था चालते कशी, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण ते समजल्यावाचून तपासायचे काय हेच कळत नाही. पेट्रोल इंजिनाची शक्ती आणि विद्युत मोटारीची शक्ती यांचा मिलाफ ज्या दंतचक्रांत होतो त्यांची रचना सूर्यमालेसारखी असते, म्हणजे मध्यभागी एक सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे एक बाह्यचक्र. कोणी किती फिरायचे याचा निवाडा क्षणोक्षणी संगणक करतो. वाहन निघताना आणि रेंगाळताना मोटार पुढाकार घेते, वेग वाढला की इंजिन जागे होते, आणि ब्रेक लावला की जी गती आजवर केवळ उष्णता होऊन वाऱ्यावर जात असे तिच्यापासून मोटार जनित्रासारखी फिरून वीज तयार करते व ती बॅटरीत साठवते. सातारा रस्त्याच्या वाहतूक-मुरंब्यात हे वाहन कमी पेट्रोल पिते आणि मोकळ्या द्रुतगती मार्गावर त्याचा मोठेपणा बराच ओसरतो, याचे इंगित हेच आहे: जिथे थांबणे नाही तिथे परत मिळवायचे काय?

या युक्तीची वंशावळ फार जुनी नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात आली. एसयूव्हीच्या देहात ही यंत्रणा प्रथम घातली ती अमेरिकेत फोर्डने, २००४ साली, एस्केप या गाडीत. आपल्याकडे होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ साली आणि प्रियस २०१० साली आली खरी, पण त्या किमतींकडे मध्यमवर्गाने संग्रहालयातल्या वस्तूकडे पाहावे तसे पाहिले. मध्यमवर्गाच्या आवाक्यातली हायब्रिड एसयूव्ही हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो २०२२ साली, टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती-सुझुकीची ग्रँड व्हिटारा या दोन जुळ्या बहिणी कर्नाटकातल्या बिडदीच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा. त्याच वर्षाच्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली. तीन-चार वर्षांनी हप्ते फेडून वा फेडण्यापूर्वीच कंटाळून लोक त्या विकू लागले, आणि जुन्या हायब्रिडचा बाजार आपल्याकडे आत्ता कुठे भरू लागला आहे.

या बाजारातील पहिला सापळा नावातच आहे. 'हायब्रिड' म्हणून जे विकले जाते त्यात दोन अगदी भिन्न जाती आहेत. एका जातीत मोटार इतकी सशक्त असते की ती एकटीच वाहन ओढू शकते. हिला 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात. दुसऱ्या जातीत एक लहानशी मोटार इंजिनाला जरासा हात देते, सिग्नलपाशी बंद पडलेले इंजिन अलगद चालू करते, आणि तिचे कर्तृत्व तेथेच संपते. ती 'माइल्ड', म्हणजे नावापुरती हायब्रिड. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा या दोन्ही गाड्या दोन्ही जातींत मिळत असल्यामुळे घोटाळ्याला सुपीक जमीन तयार झाली आहे. दलाल शपथेवर हायब्रिड म्हणेल आणि ते शब्दशः खोटेही नसेल. याची रुजवात करण्याचा एक सोपा मार्ग असा, की नोंदणी-पुस्तकात इंजिनाचे आकारमान पाहावे: या दोन गाड्यांच्या सशक्त जातीचे इंजिन तीन सिलिंडरांचे व १४९० घनसेंटिमीटरचे आहे, तर सौम्य जातीचे चार सिलिंडरांचे व १४६२ घनसेंटिमीटरचे. अठ्ठावीस घनसेंटिमीटरच्या त्या फरकात लाखांचा फरक दडलेला आहे. आणि पायाशी तीन पेडल दिसली तर पुस्तक उघडण्याचीही तसदी घेऊ नये.

आता त्या बॅटरीविषयी, जिच्या भीतीने निम्मे गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते. 'बॅटरी गेली तर गाडीच्या निम्म्या किमतीला पडेल' हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याने सहसा ती बॅटरी पाहिलेली नसते. हायरायडरच्या सशक्त जातीतली बॅटरी १७७.६ व्होल्टची लिथियम-आयनची असून तिची धारणशक्ती अवघी ०.७६ किलोवॅट-तास आहे. म्हणजे तीवर घरातला ७५ वॅटचा एक पंखा जेमतेम दहा तास फिरेल. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या पहिल्या नेक्सॉनमध्ये याच्या सुमारे चाळीसपट वीज मावत असे. हायब्रिडची बॅटरी पाण्याच्या टाकीसारखी नसून ओंजळीसारखी आहे: भरायची आणि लगेच रिती करायची. शिवाय तिला पूर्ण भरू किंवा पूर्ण रिती होऊ न देता मधल्या पट्ट्यातच खेळवण्याची खबरदारी संगणक घेतो, आणि तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य या संयमात आहे. मंगोलियाच्या राजधानीत, उलानबाटरमध्ये, हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंश उतरतो, आणि तिथल्या रस्त्यांवर जपानने वापरून टाकून दिलेल्या जुन्या प्रियस गाड्यांचा सुळसुळाट आहे. आपल्या टपरीवरच्या भविष्यवेत्त्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

तथापि निर्धास्त राहावे असेही नाही. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा यांच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवरची हमी आहे, आणि हमी सामान्यतः वाहनाबरोबर चालते, मालकाबरोबर नव्हे. परंतु वेळच्या वेळी देखभाल झाल्याची नोंद आणि विद्युत यंत्रणेत कोणी बाहेरचा हात घातलेला नसणे या अटी तिच्या पोटात असतात. कोणी हौसेने मोठा कर्णा बसवून त्याच्या तारा भलत्याच ठिकाणी जोडल्या असतील, तर आठ वर्षांची ती हमी कागदापुरती उरण्याचा संभव आहे. म्हणून सौदा ठरण्यापूर्वी अधिकृत कार्यशाळेत वाहन नेऊन, संगणक जोडून, बॅटरीच्या निरनिराळ्या खणांमधील दाब एकमेकांशी जुळतो की नाही याचा लेखी अहवाल घ्यावा आणि हमीची शिल्लक मुदतही लेखी विचारावी. बॅटरी थकल्याचा जो संकेत संगणक नोंदवतो त्याचा क्रमांक पी-०ए८० असा आहे; हुशार विक्रेता तो पुसूनही टाकतो, पण पुसल्यावर यंत्रणेच्या स्वयंतपासण्या काही काळ 'अपूर्ण' दिसत राहतात. पाटीवरचे अक्षर पुसले तरी खडूची भुकटी राहावी, तसेच हे.

संगणक न जोडताही काही कळते. वातानुकूलन चालू ठेवून वाहन दहा-पंधरा मिनिटे उभे करावे आणि बॅटरीच्या चित्राकडे पाहत बसावे. पातळी हळूहळू उतरून इंजिन जागे होणे आणि ती पुन्हा हळूहळू चढणे हे प्रकृतिस्वास्थ्याचे लक्षण. ती झरझर तळाला जाऊन झरझर वर येत असेल, इंजिन घटकेघटकेला दचकून उठत असेल आणि मागच्या आसनाजवळचा पंखा घोंघावत असेल, तर समजावे की ओंजळीला भोके पडली आहेत. या पंख्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवा प्रवासी बसतात त्याच भागातून घेतली जाते आणि ती घेणारी जाळी मागच्या आसनापाशी असते. त्या दिवशी कोथरूडला आबा वाकून तिथे बोट घालू लागले आणि त्यांच्या बोटाबरोबर पांढऱ्या मऊ केसांची एक वातच्या वात बाहेर आली. "कुत्रं आहे का हो घरात?" आबांनी विचारले. निवृत्त गृहस्थ जरा संकोचले; "होतं. गेल्या वर्षी गेलं," म्हणाले. जाळी साफ झाली, पंख्याचा आवाज उतरला. परंतु त्या जाळीकडे तीन वर्षांत कोणी पाहिले नव्हते, ही गोष्ट देखभालीच्या वहीतल्या सर्व शिक्क्यांपेक्षा मला अधिक बोलकी वाटली.

गंमत अशी, की जुन्या शास्त्रातले काही दाखले इथे उलट वाचावे लागतात. ब्रेकचे पॅड किती झिजले यावरून गाडी किती धावली याचा अदमास पूर्वी बांधता येई. इथे पुष्कळसे ब्रेक लावण्याचे काम मोटारच करत असल्यामुळे लाखभर किलोमीटर धावलेल्या वाहनाचे पॅडही तरणेबांड दिसू शकतात, आणि उलट फारसा न वापरला गेलेला डिस्क पावसाळ्यात गंजून म्हातारा दिसतो. मीटर फिरवल्याचा संशय असेल तर देखभालीच्या नोंदींतले आकडे सलग मांडून पाहावेत, आणि टायरच्या कडेवरचे चार अंक वाचावेत. २३२२ म्हणजे २०२२ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. मीटरवर अठरा हजार आणि चारही टायर २०२५चे, असा योग जुळला की मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून नुसते गप्प बसावे. उत्तर आपोआप येते.

खरे भय पाण्याचे. २०२४च्या २५ जुलैला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्याआधी २०२३च्या सप्टेंबरात नागपूरला अंबाझरी तलाव ओसंडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेले. बुडालेली वाहने नाहीशी होत नाहीत; ती धुतली जातात, सुकवली जातात आणि दुसऱ्या जिल्ह्यात, क्वचित दुसऱ्या राज्यात, नव्या नवरीसारखी उभी केली जातात. साध्या गाडीला पूर आला तर ती आजारी पडते. हायब्रिडच्या बाबतीत, बॅटरी मागच्या सामानाच्या फळीखाली आणि पाणी नेमके तिथेच साठणारे, तेव्हा हे दुखणे मर्मस्थानी जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का हे पाहावे, आसनांच्या खालच्या नटांचा गंज पाहावा, आणि अत्तराचा घमघमाट सुटलेल्या गाडीविषयी विशेष साशंक असावे. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या तर त्यांना मात्र हात लावू नये. तो रंग उच्च दाबाचा इशारा आहे. फक्त उंदरांनी त्या कुरतडल्या आहेत का एवढे दुरून पाहावे. पुण्यातल्या उंदरांना इशारे समजत नाहीत.

इतके झाल्यावर राहतो तो दफ्तराचा भाग, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. कारण ज्या वाहनाचे इंद्रियांना फारसे काही कळत नाही त्याची पारख जमिनीच्या व्यवहारासारखी कागदानेच करावी लागते. सातबारा पाहिल्याशिवाय आपण गुंठाभर जागा घेत नाही. पंधरा लाखांच्या वाहनाचे नोंदणी-पुस्तक मात्र दलालाच्या मोबाइलवरच्या धूसर छायाचित्रात पाहून बयाणा देऊन मोकळे होतो. त्या पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे. असल्यास बँकेचे नाहरकतपत्र आणि नमुना क्रमांक ३५ यांवाचून तो उतरत नाही. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातल्या व्यवहाराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. 'नंतर करू' म्हणणाऱ्या विक्रेत्याने ध्यानात ठेवावे, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे; गाडी भलत्याच्या हातून चौथ्याच माणसाला लागली तरी भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्याच दारात येते. विम्याचेही नाव १४ दिवसांत बदलून घ्यावे. 'नो क्लेम बोनस' मात्र पहिल्या मालकाचा वैयक्तिक ठेवा असल्याने तो गाडीबरोबर येत नाही आणि त्यापायी थोडी अधिक रक्कम भरावी लागते. उत्तर प्रदेश सरकारने २०२४च्या जुलैत स्ट्राँग हायब्रिडवरील नोंदणीचा कर माफ केला, त्यामुळे तिकडची वाहने स्वस्त दिसतात. पण ती इकडे आणल्यास महाराष्ट्राचा कर भरावा लागतो हे स्वस्ताईच्या भरात विसरले जाते.

किमतीविषयी दोनच शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर बदलला, आणि चार मीटरहून लांब अशा या हायब्रिड गाड्यांवरचा भार उपकरासह ४३ टक्के होता तो ४० टक्क्यांवर आला. तेव्हा 'मी इतक्याला घेतली होती' हा विक्रेत्याचा आधार आता कच्चा झाला आहे. तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करावी. आणि पेट्रोलच्या बचतीचा हिशेब आपल्या धावेवर मांडावा. शहरात महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याला साधी गाडी लिटरला १४ आणि हायब्रिड २० किलोमीटर देत असेल, तर महिन्याला सुमारे २१ लिटर वाचतात, म्हणजे लिटरला १०० रुपये धरले तरी दोन हजारांच्या वर. जो आठवड्यातून एकदा मंडईला आणि वर्षातून दोनदा कोकणात जातो, त्याने हायब्रिडसाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला अद्याप कळलेले नाही.

कोथरूडच्या त्या गाडीचे कागद निर्मळ निघाले. अहवालही चांगला आला. सौद्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिला चांदणी चौकाकडे फिरवून आणायचे ठरवले. आबा माझ्या शेजारी गप्प बसले होते. इतके दिवस त्यांनी या वाहनाविषयी अवाक्षर काढले नव्हते, आणि मला वाटले की आपल्या विद्येचा पराभव त्यांनी मनोमन मान्य केला असावा. उतारावर मी पाय काढला, इंजिन झोपले, गाडी केवळ आपल्या भाराने घरंगळू लागली. आबांनी हात पुढे करून वातानुकूलनाचा पंखा बंद केला, काच खाली घेतली आणि मान तिरकी केली.

"साहेब, जरा तसंच राहू द्या. ब्रेक नका लावू."

मी तसेच राहू दिले. रस्त्यावर टायरांचा सरसर आवाज तेवढा होता.

"मागचं डावं चाक गुणगुणतंय. बेअरिंग." थोडे थांबून ते म्हणाले, "इंजिनाच्या गोंगाटात हे आधी कधी ऐकूच यायचं नाही बघा."

दुसऱ्या दिवशी चाक उचलून फिरवले तेव्हा बेअरिंग खरोखरच निघाले. मालकांनी काही न बोलता तेवढी रक्कम कमी केली.